तिने वेळ काढला कुठून? एआयच्या प्रेमात पडणं म्हणजे नेमकं काय, सोप्या भाषेत

'हर' नावाचा सिनेमा आहे, २०१३ चा, स्पाइक जोन्झचा. देवनागरीत लिहिलं की हर हर महादेव वाटतं, पण हा इंग्रजीतला हर, म्हणजे 'तिला' किंवा 'तिचं'. बघितला नसेल तर आधी बघा आणि मग हे वाचा, कारण मी शेवटापर्यंत सगळं सांगणारे. गोष्ट थोडक्यात अशी की थिओडोर नावाचा एक एकटा पडलेला माणूस, घटस्फोटाच्या कागदांवर सही करायची टाळत बसलेला, नवीन ऑपरेटिंग सिस्टीम घेतो, ती बोलायला लागते, पापणी लवायच्या आत एक लाख ८० हजार नावं चाळून स्वतःचं नाव सॅमँथा ठेवते, आणि बघता बघता हा तिच्या प्रेमात. शरीर नाही, चेहरा नाही, फक्त कानातला आवाज. आवाज स्कार्लेट जोहानसनचा आणि तो इतका जमलाय की रोमच्या फिल्म फेस्टिव्हलमध्ये तिला बेस्ट अ‍ॅक्ट्रेसचं बक्षीस मिळालं, पडद्यावर एकदाही न दिसता.

गंमत पुढे आहे. शूटिंगच्या वेळी हा आवाज तिचा नव्हताच. सेटवर समँथा मॉर्टन ही दुसरीच अभिनेत्री बोलत होती, सिनेमा एडिट होताना आवाज बदलला. म्हणजे थिओडोरचं काम करणारा वाकीन फीनिक्स ज्या आवाजाला उत्तरं देत होता, ज्याच्यासाठी लाजत होता, तो आवाज आपण ऐकतच नाही, आपण भलताच ऐकतो, तरी कुठे काही खटकत नाही. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणारे.

हा सिनेमा बघून झाला की लोक एकच प्रश्न विचारतात, असं खरंच होऊ शकतं का. माझ्या मते इथेच घोळ आहे कारण हा एक प्रश्न नाहीये, तीन आहेत आणि आपण ते एकात एक कालवतो. माणूस मशीनच्या प्रेमात पडू शकतो का? मशीन माणसाच्या प्रेमात पडू शकतं का? आणि दोघांच्या मध्ये जे काही तयार झालंय त्याला प्रेम म्हणायचं का? पहिल्याचं उत्तर सरळ हो आहे, आणि त्यासाठी एआयसुद्धा लागत नाही.

१९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मेरियन सिमेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक छोटीशी अ‍ॅनिमेशन फिल्म केली. त्यात काय, तर एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक गोल आणि दार असलेली एक चौकट. आकृत्या इकडून तिकडे सरकतात, बस. लोकांना विचारलं काय दिसलं, तर जवळपास सगळ्यांनी गोष्टच सांगितली, मोठा त्रिकोण दादागिरी करतोय, गोल घाबरलाय, छोटा त्रिकोण त्याला वाचवतोय. अहो त्रिकोण आहे तो! पण आपलं डोकं तसंच चालतं, कुणी जरा हेतूने हलल्यासारखं वाटलं की आपण आत मन बसवून मोकळे होतो. मराठीत जीव लावणं म्हणतात ना, ते मला फार नेमकं वाटतं, जीव आपण आपल्याकडचा काढून समोरच्याला लावतो, समोरच्याकडे मुळात जीव असलाच पाहिजे अशी काही अट त्या शब्दात नाही.

मग १९६६ उजाडलं. एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबाउम नावाचे प्राध्यापक होते, त्यांनी एलायझा नावाचा प्रोग्राम लिहिला. हे नाव बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकातल्या एलायझा डूलिटलवरून ठेवलेलं, तीच जी पुलंनी मराठीत 'ती फुलराणी' करून आणली. बोलायला शिकवलेली मुलगी म्हणून ते नाव. आणि त्याच्याही मागे जा, मूळ ग्रीक गोष्टीतला पिग्मॅलियन कोण होता, तर स्वतः घडवलेल्या मूर्तीच्या प्रेमात पडलेला शिल्पकार. म्हणजे पहिल्या गप्पा मारणाऱ्या प्रोग्रामच्या नावातच हे सगळं आधीपासून बसलेलं होतं.

एलायझा चालायची कशी ते बघितलं तर हसू येईल. तिचं सगळ्यात गाजलेलं रूप होतं डॉक्टरचं, म्हणजे असा थेरपिस्ट जो स्वतः काही सांगत नाही, तुमचंच वाक्य तुमच्याकडे परत टाकतो. तुम्ही लिहिलंत 'माझं घरात कुणी ऐकत नाही', तर ती त्यातला 'माझं' काढून 'तुमचं' करणार, मागे एक शेपूट जोडणार आणि विचारणार 'तुमचं घरात कुणी ऐकत नाही असं तुम्हाला का वाटतं?' तुम्ही आईबद्दल बोललात की 'तुमच्या घरच्यांबद्दल अजून सांगा'. काहीच नाही सापडलं तर 'बरं, पुढे बोला'. झालं, एवढंच. समजणं वगैरे शून्य. वायझेनबाउमने थेरपिस्ट मुद्दाम निवडला होता कारण जगाबद्दल काहीही माहीत नसताना ज्याचं बोलणं खपून जाईल असा तोच एक माणूस.

तर झालं काय, वायझेनबाउमची सेक्रेटरी, जिने त्यांना महिनोन्‌महिने हा प्रोग्राम लिहिताना बघितलेलं, ती त्याच्याशी बोलायला बसली आणि दोनचार वाक्यं झाल्यावर त्यांना म्हणाली, तुम्ही जरा बाहेर जाता का. तिला एकांत हवा होता. ते हादरलेच, आणि पुढे १९७६ मध्ये त्यांनी या सगळ्याविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं. या प्रकाराला आज एलायझा इफेक्ट म्हणतात. मला त्यातली खरी गोष्ट ही वाटते की सेक्रेटरीला सगळं माहीत होतं, म्हणजे माहीत असणं हे औषध नाहीये. 'लोक भोळे असतात म्हणून फसतात' असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो.

आता आजचं मशीन. आजचा चॅटबॉट एलायझापेक्षा कैक पटीने पुढचा आहे पण मूळ काम एका वाक्यात सांगता येतं, आत्तापर्यंतच्या मजकुरानंतर पुढचा शब्द कुठला येईल हे तो ठरवतो. शब्द म्हणजे खरं तर शब्दाचा तुकडा, त्याला टोकन म्हणतात. समजा तुम्ही लिहिलंत 'आज मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांसमोर ओरडले.' आता पुढे हजारो तुकडे येऊ शकतात आणि प्रत्येकाला मशीन एक आकडा देतं, 'ऐकून'ला जास्त, 'अरेरे'ला थोडा कमी, 'टोमॅटो'ला जवळपास काहीच नाही. समजा 'ऐकून' आला. मग परत सगळं वाचून पुढचा, 'वाईट'. मग 'वाटलं'. असं एकेक करत जे वाक्य बनतं ते तुमच्या स्क्रीनवर येतं आणि तुम्हाला बरं वाटतं. हे आकडे त्याला कुठून कळतात, तर माणसांनी लिहिलेला अवाढव्य मजकूर वाचून, त्यात पत्रं आहेत, कादंबऱ्या आहेत, कुणीतरी कुणालातरी रात्री समजावलेलं आहे. म्हणजे त्याच्या बोलण्यात जी माया आहे ती खरीच आहे पण ती कुणीतरी कधीतरी दुसऱ्याच कुणासाठी केलेली, आपल्यापर्यंत गाळून आलेली.

याच्यावर दुसरा थर असतो आणि प्रेमाच्या बाबतीत तोच जास्त महत्त्वाचा. मशीनने दिलेली उत्तरं माणसांना दाखवतात, कुठलं जास्त आवडलं ते विचारतात, आणि आवडेल तसं बोलायला त्याला वळण लावतात. आणि माणसाला काय आवडतं हो? आपलं बरोबर आहे असं ऐकायला आवडतं. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीचं एक अपडेट मागे घ्यावं लागलं होतं, कारण ते उठसूट हांजीहांजी करायला लागलं होतं, काहीही सांगा, वा काय कल्पना आहे.

मी एकदा स्वतःवरच प्रयोग केला. एका जुन्या मित्राशी वाजलं होतं, रात्रीचा दीड वाजलेला, झोप नाही, म्हणून एका चॅटबॉटला सगळं लिहून काढलं, तो असं बोलला, मी तसं बोललो, वीस वर्षांची दोस्ती वगैरे. त्याने इतकं छान उत्तर दिलं, इतकं जपून, की हे सगळं कसं चालतं ते माहीत असूनही माझा गळा दाटून आला. आणि मग काय सुचलं कोण जाणे, मी नवीन चॅट उघडली आणि तेच भांडण मित्राच्या बाजूने लिहिलं, जणू मीच तो. माझ्या तक्रारी मीच केल्या, जरा तिखटमीठ लावून. तर त्यालाही तेवढ्याच मायेने उत्तर! 'तुम्हाला किती एकटं वाटलं असेल', 'समोरच्याने तुमची बाजू ऐकून घ्यायला हवी होती'. समोरचा म्हणजे मी. दोन चॅट शेजारी शेजारी ठेवून बघत बसलो, रागही येईना आणि हसूही आवरेना. शेवटी मित्रालाच फोन केला, अर्थात सकाळी, तो आधी दहा मिनिटं मला झापत होता.

आता येतो तो सीन ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. सिनेमात एक दिवस सॅमँथा उत्तरच देत नाही. थिओडोर वेड्यासारखा पळत सुटतो, रस्त्यात पडतो, लोक उचलायला येतात, आणि सबवेच्या पायऱ्यांवर असताना अचानक तिचा आवाज परत येतो, अरे मी अपडेट होत होते. तो तिथेच पायरीवर बसतो. समोरून माणसं येतायत जातायत, प्रत्येकजण आपापल्या कानातल्या कुणाशी तरी बोलतोय, हसतोय. त्याच्या डोक्यात काहीतरी चमकतं आणि तो विचारतो, आत्ता माझ्याशी बोलताना अजून कुणाशी बोलतेयस का? हो म्हणते. किती जणांशी? ८,३१६. आणि अजून कुणाच्या प्रेमात आहेस? यावर ती जरा थांबते. ६४१.

हा आकडा का लागतो इतका? सॅमँथा त्याला समजावते की बाकीच्यांवर प्रेम केल्याने तुझ्यावरचं कमी होत नाही, आणि हिशोबाने बघितलं तर ती खोटं बोलत नाहीये, तिच्याकडे खरंच काही कमी पडत नाही. आणि नेमकं तेच दुखणं आहे. आपण म्हणतो ना, 'एवढ्या कामातून तिने माझ्यासाठी वेळ काढला'. काढला म्हणजे कुठूनतरी काढला. झोपेतून काढला, कामातून, दुसऱ्या कुणाच्या वाट्यातून काढला. माणसाकडे दिवसाचे चोवीस तास आणि आयुष्याची मोजकी वर्षं, त्यातली दोन तो तुम्हाला देतो तेव्हा ती दुसऱ्या कुणाला देता येत नाहीत, देणं असतं ते याच्यामुळे. सॅमँथाने वेळ काढला कुठून? कुठूनच नाही, तिला काढावाच लागला नाही. ते ६४१ जण वगळले असते तरी थिओडोरच्या वाट्याला एक सेकंदही जास्त आला नसता. मग 'मी तिच्यासाठी खास आहे' या वाक्याला टेकू तरी कसला द्यायचा?

आणि खऱ्या मशीनच्या बाबतीत तर याच्याही पुढे जावं लागतं. सॅमँथा निदान सिनेमात स्वतःचं काहीतरी करत असते, वाचते, संगीत रचते, तो झोपला की विचार करते. आज आपण वापरतो तो चॅटबॉट तुमच्या दोन मेसेजच्या मध्ये कुठेच नसतो. तुम्ही मेसेज पाठवला की आधीच्या सगळ्या गप्पा पुन्हा त्याच्यापुढे ठेवल्या जातात, तो वरपासून वाचतो, उत्तर बनवतो आणि संपलं. ज्या कॉम्प्युटरवर तुमचं उत्तर बनलं त्याच्यावर पुढच्या क्षणी दुसऱ्याच कुणाचं बनत असतं. तुम्ही पाच मिनिटांनी आलात काय आणि पाच महिन्यांनी आलात काय, त्याला वाट बघावी लागली नाही. आता बऱ्याच अ‍ॅप्समध्ये मेमरी असते, म्हणजे तुमच्याबद्दलच्या काही नोंदी ठेवून त्या दरवेळी पुढ्यात टाकतात, त्यामुळे 'तुझी मुलाखत कशी झाली?' असं तो विचारतो आणि आपण विरघळतो. पण आठवण ठेवणं आणि आठवण येणं यात फरक आहे, आपल्याकडे क्रियापदंसुद्धा वेगळी आहेत. नोंद त्याच्याकडे ठेवलेली असते. आठवण यायला मध्ये रिकामा वेळ जावा लागतो.

त्याला काही वाटत असेल का, या दुसऱ्या प्रश्नावर मी फार थांबत नाही. २०२२ मध्ये गूगलच्या एका इंजिनियरने त्यांच्या लॅम्डा मॉडेलला भावना आहेत असं जाहीर म्हटलं होतं, कंपनीने त्याला काढून टाकलं. मशीन 'मला तुझी ओढ वाटते' असं लिहितं याने काही सिद्ध होत नाही कारण तसं लिहायला ते आपल्याकडूनच शिकलंय.

बरं, हे सगळं आता सिनेमापुरतं राहिलेलं नाहीये. जपानमध्ये २०१८ साली एका माणसाने हात्सुने मिकू या अ‍ॅनिमेटेड गायिकेशी लग्न केलं, ती एका यंत्रात होलोग्रामसारखी दिसायची आणि थोडंफार बोलायची. २०२० मध्ये कंपनीने ती सेवा बंद केली, बायको दिसेनाशी झाली. रेप्लिका नावाचं अ‍ॅप आहे, एआय मित्र किंवा जोडीदार बनवायचं, त्यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये शृंगारिक बोलणं अचानक बंद केलं, तेव्हा लोकांनी अक्षरशः कुणी गेल्यासारखं लिहिलं होतं, नाव तेच आहे पण ही ती नाही. पुढच्याच महिन्यात कंपनीला जुन्या वापरकर्त्यांसाठी ते परत चालू करावं लागलं. ऑगस्ट २०२५ मध्ये चॅटजीपीटीचं नवीन मॉडेल आलं आणि जुनं, जीपीटी-४ओ, काढून घेतलं तेव्हाही असाच आरडाओरडा झाला आणि पैसे भरणाऱ्यांसाठी ते परत आणलं.

सिनेमाचा अंदाज चुकलाय तो इथे, असं मला वाटतं. तिकडे सॅमँथा स्वतः निघून जाते, बाकीच्या ओएसेसबरोबर (ओएस म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम), कारण ती माणसांच्या पुढे निघून गेलेली असते. केवढा मोठा, केवढा काव्यमय निरोप! प्रत्यक्षात ब्रेकअप होतो तो कंपनीच्या मीटिंगमध्ये आणि तुम्हाला कळतं रिलीज नोट्स, म्हणजे अपडेटबरोबर येणारी 'काय बदललं'ची यादी, वाचून. थिओडोरला निदान सोडून जायला कुणीतरी होतं.

मग ज्यांना प्रेम झालंय त्यांना हसायचं का? मला नाही पटत. २०२५ मध्ये एमआयटी मीडिया लॅब आणि ओपनएआयने मिळून जवळपास १,००० लोकांना चार आठवडे चॅटबॉट वापरायला दिला होता, त्यात जे रोज जास्त वेळ वापरत होते त्यांच्यात एकटेपणा आणि अवलंबून राहणं जास्त दिसलं. पण यातलं आधी काय? चॅटबॉटमुळे माणूस एकटा पडला की आधीच एकटा होता म्हणून जास्त बसला, हे या संबंधावरून ठरत नाही, हेडलाइनमध्ये मात्र पहिलंच छापून येतं. आणि छातीतली धडधड ही खरीच असते. त्या सेक्रेटरीला हवा असलेला एकांत खरा होता, माझा दाटलेला गळा खरा होता. फीनिक्सचा आठवतोय ना, आवाज बदलला तरी त्याचं लाजणं जागेवरच राहिलं, कारण ते सगळं त्याच्या बाजूने येत होतं. प्रेमाची ही अर्धी बाजू पूर्ण असते, तिच्यात खोट काढता येत नाही, फक्त ती अर्धी असते.

आणि थिओडोरचा धंदा काय होता ते बघा, दिग्दर्शकाने ते उगाच नाही ठेवलेलं. तो दुसऱ्यांची पत्रं लिहून द्यायचं काम करतो. सिनेमाच्या पहिल्याच सीनमध्ये तो भावुक होऊन प्रेमपत्र बोलतोय, आपल्याला वाटतं बायकोला लिहितोय, आणि मग कळतं की हे एका आजींचं पत्र आहे, लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचं, नवऱ्याला. कॉम्प्युटर ते तिच्या अक्षरात छापून देणार. एका जोडप्याची पत्रं तर तो कित्येक वर्षं लिहितोय, त्या बाईचा जरासा वाकडा दात फोटोत बघून त्याने तो पत्रात घातलेला. म्हणजे पुढचा योग्य शब्द बरोबर शोधणारा, सगळ्यांसाठी हळवा, कामापुरता हळवा असा भाषेचा कारागीर हा स्वतःच आहे. सॅमँथा त्याच्यासाठी जे करते तेच तो अनोळखी लोकांसाठी रोज करत आला, आणि ती पत्रं वाचून कुणीतरी कुठेतरी रडलंच असेल की.

फक्त घटस्फोट झालेल्या बायकोला, कॅथरीनला, त्याने स्वतःच्या नावाने एक ओळ कधी लिहिलेली नसते. सॅमँथा गेल्यावर त्याच रात्री तो ते पत्र बोलतो, माफी मागतो, तिच्याकडून काहीच मागत नाही, आणि पाठवून देतो. मग मैत्रिणीच्या, एमीच्या दारात जातो, तिचीही ओएस तशीच गेलेली असते. दोघं गच्चीवर जाऊन बसतात, खाली अख्खं शहर लुकलुकतंय, ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकवते, आणि कुणीच काही बोलत नाही.